दम खायला अर्धा तास

लहानपणी आजोबांबरोबर यात्रेतल्या कुस्त्या पाहायला जायचो. आमच्या सातारा-सांगलीकडं यात्रा म्हणजे सकाळी पालखी, दुपारी पाळणे आणि गोडीशेव, आणि उन्हं कलली की कुस्त्यांचा फड. हलगी कडाडायला लागली की आजोबा माझा हात धरून गर्दीतून वाट काढत पुढे न्यायचे. डाव मला फारसे कळायचे नाहीत. पट कुठला, ढाक कुठली, हे आजोबा सांगायचे आणि मी मान डोलवायचो.

माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच. कुस्ती सुटली की पैलवान आखाड्याच्या कडेला यायचा. अंगभर लाल माती, तोंड उघडं, बरगड्या लोहाराच्या भात्यासारख्या वरखाली होत असायच्या. तो मटकन खाली बसायला लागला की वस्ताद त्याच्या दंडाला धरायचा. "बसू नगंस. फिर जरा. दम खा." मग तो पठ्ठ्या कमरेवर हात ठेवून कडेकडेनं चकरा मारायचा. थोड्या वेळानं पाहावं तर तोच गडी टोपीवाल्या मंडळींत उभा राहून चहा पितोय, हसतोय. मघाशी मरायला टेकलेला हाच का, असं वाटायचं.

मधल्या त्या वेळात त्याच्या अंगात काय घडलं, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. पडला फार उशिरा, खाशाबा जाधवांविषयी वाचताना.

खाशाबा आमच्याकडचे. कराडजवळच्या गोळेश्वरचे. जन्म १५ जानेवारी १९२६. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे घरातच तालीम. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात, पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले तेव्हा आयुष्य मातीत गेलेल्या या पैलवानाला मॅट नवी होती. तरी फ्लायवेट गटात, म्हणजे ५२ किलोत, सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचं ठरलं तेव्हा पैशांची अडचण होती. गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. आपल्या विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण ठेवणारे प्राचार्य! असो, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

हेलसिंकीत खाशाबा बँटमवेटला, ५७ किलोच्या गटात उतरले. कॅनडाचा पैलवान पडला, मेक्सिकोचा पडला. मग गाठ पडली जपानच्या शोहाची इशीशी. ही कुस्ती पंधरा मिनिटांहून जास्त चालली आणि अटीतटीनं इशीच्या बाजूला गेली. त्यानंतर जे घडलं ते खाशाबांच्या प्रत्येक चरित्रात येतं. त्यांना लगेच सोव्हिएत रशियाच्या रशीद मामेदबेकोवशी लढायला बोलावलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यायची असा नियम होता. पण तो नियम दाखवून "थांबा" म्हणायला त्या वेळी भारताचा कुणी अधिकारी जवळ नव्हता. खाशाबा तसेच मॅटवर गेले आणि हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेकोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. तारीख २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं मिळायला १९९६ उजाडलं.

अर्धा तास मिळाला असता तर रौप्य मिळालं असतं का? सुवर्ण? असली जर-तरची गणितं पारावर बसून करायला बरी. मामेदबेकोव काही साधा मल्ल नव्हता. मला त्या अर्ध्या तासाचंच कुतूहल आहे. पैलवानाचं शरीर अर्ध्या तासात करतं तरी काय? आणि तो अर्धा तास काढून घेतला, तर नेमकं काय काढून घेतलं जातं?

याचं उत्तर शोधायला शंभर वर्षं मागे, पॅरिसला जावं लागतं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथे क्लोद बर्नार नावाचा शरीरशास्त्रज्ञ काम करत होता. प्राण्यांच्या रक्तात साखर असते हे माहीत होतं, पण ती खाण्यातूनच येते असं लोक समजत. बर्नारला आढळलं की साखर अजिबात न खाणाऱ्या प्राण्याच्याही रक्तात ती असतेच, कारण यकृत ती तयार करून रक्तात सोडतं. म्हणजे शरीर बाहेरून येईल त्यावर भागवत बसत नाही, आतलं प्रमाण स्वतः सांभाळतं. त्यावरून त्याला एक मोठी कल्पना सुचली. आपण दोन हवामानांत राहतो. एक बाहेरचं, ऊन-पाऊस-थंडीचं. दुसरं आतलं. आपल्या अंगातल्या पेशी हवेत राहत नाहीत, त्या राहतात खारट पाण्यात. ५७ किलोच्या माणसात पेशींच्या बाहेरचं हे पाणी साधारण अकरा लिटर भरतं. म्हणजे एक कळशीभर. बाहेर काहीही होवो, या कळशीतल्या पाण्याची ऊब, खारटपणा, साखर, आम्लता फारशी हलता कामा नये. ज्या प्राण्याला हे साधलं तोच बाहेर मोकळा हिंडू शकतो, असं बर्नारचं म्हणणं होतं. सरड्याला सकाळी उन्हात बसून अंग तापवावं लागतं. पैलवान मात्र पहाटे चारला, कडाक्याच्या थंडीतही जोर मारायला उभा राहतो. कारण त्याची कळशी रात्रभर सदतीस अंशांवरच होती.

या गोष्टीला नाव मिळालं ते अमेरिकेत. हार्वर्डच्या वॉल्टर कॅननने पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी सैनिकांचे शॉकने होणारे मृत्यू जवळून पाहिले होते. आतलं हवामान ढळलं की काय होतं ते त्याने डोळ्यांनी पाहिलं. त्याने 'होमिओस्टॅसिस' हा शब्द वापरला तो १९२६ साली. आपण मराठीत समस्थिती म्हणतो. खाशाबांचा जन्म आणि या शब्दाचा जन्म एकाच वर्षातला, हा निव्वळ योगायोग. पण मला तो आवडतो.

कॅननने शब्द निवडताना एक काळजी घेतली होती. 'होमो' म्हणजे तेच, आणि 'होमिओ' म्हणजे त्यासारखं. त्याने 'होमिओ' घेतलं. शरीर दगडासारखं स्थिर नसतं. ते हलतं, ढळतं आणि परत येतं. तालमीतल्या भाषेत सांगायचं तर, पैलवानाचा तोल जात नाही असं नाही. तो सावरता येतो, म्हणून तो पैलवान.

आता ती इशीबरोबरची पंधरा मिनिटं बघू. खाशाबांच्या नसेला तेव्हा कुणी सुई लावली नव्हती. पण कुस्ती करणाऱ्यांच्या रक्ताचा पुढे भरपूर अभ्यास झाला आहे, त्यावरून आत काय चाललं असेल याचा अंदाज नीट बांधता येतो.

बसल्या जागी माणसाचं हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फिरवतं. जोराच्या कुस्तीत हे चौपटीवर जातं. एरवी मिनिटाला सहा-सात लिटर हवा आत घेणारी छाती शंभर लिटरच्या पुढे जाते. एवढं करूनही स्नायूंना लागणारी शक्ती नुसत्या ऑक्सिजनवर भागत नाही. प्रतिस्पर्धी उचलायचा, दाबायचा, त्याचा दाब अंगावर सोसायचा, हे सेकंदांचे खेळ असतात. तेव्हा स्नायू ऑक्सिजनची वाट न पाहता साखर अर्धवट मोडतात आणि काम भागवतात. यात लॅक्टेट तयार होतं आणि त्याबरोबर आम्लता वाढते. विश्रांतीत रक्तात लॅक्टेट एककाच्या आसपास असतं, लिटरला एक मिलिमोल. खडाजंगीनंतर ते दहा, पंधरा, कधी त्याहूनही वर जातं.

रक्ताची आम्लता मोजतात ती पीएचमध्ये. निरोगी माणसात तो ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्टीत असतो. पट्टी वाचायला फसवी आहे. ७.४ वरून ७.१ ही उतरण दिसायला तीन दशांशांची, पण तिचा अर्थ आम्लता दुप्पट झाली असा होतो. ती तिथवर जाऊ नये म्हणून रक्तात बायकार्बोनेट असतं. घरातल्या खायच्या सोड्याचाच हा भाऊ. ते आम्ल गिळतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि तो श्वासावाटे बाहेर जातो. म्हणजे कुस्तीनंतर पैलवान धापा टाकतो तो नुसता हवा आत घेण्यासाठी नाही. आतलं आम्ल तो फुंकून बाहेर टाकत असतो.

श्वासाची दोरी मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच्या हातात असते हे १९०५ साली इंग्लंडमध्ये जॉन स्कॉट हाल्डेन आणि प्रीस्टली यांनी दाखवलं. हाल्डेनचे चिरंजीव जे. बी. एस. हाल्डेन हे त्याहून वल्ली. रक्त आम्ल झालं की काय होतं हे पाहायला त्यांनी नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, पाण्यात घालून स्वतःच पिऊन पाहिलं. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांना धाप लागली. कुस्ती न खेळता पैलवानाची धाप! हे हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

आम्लाबरोबर उष्णताही असते. स्नायू जी शक्ती खर्च करतात तिच्यातलं जेमतेम पावभर काम होतं, बाकीची सगळी उष्णता. १९५२ च्या हिशेबात सांगायचं तर चार आण्यांचं काम आणि बारा आण्यांची धग. ती काढायला घाम. शंभर मिलिलिटर घाम अंगावर नीट सुकला, तर सत्तावन्न किलोचं शरीर साधारण एका अंशानं थंड होऊ शकतं. पण अट आहे ती सुकण्याची. निथळून मॅटवर पडलेला घाम पाणी नेतो, मीठ नेतो, उष्णता जवळजवळ नेत नाही. मॅटवर दुसरा माणूस अंगाला अंग लावून चिकटलेला असताना घाम सुकणार तरी कुठून?

या सगळ्या खर्चाचा हिशेब ए. व्ही. हिल या इंग्रज शास्त्रज्ञाने मांडला. स्नायूंमधल्या उष्णतेवरच्या कामाबद्दल त्याला १९२२ चं नोबेल मिळालं होतं. त्याने शब्द काढला 'ऑक्सिजनचं कर्ज'. पळताना किंवा लढताना शरीर आधी खर्च करतं, मग थांबल्यावर धापा टाकत ते फेडतं. आपण याला उसनवारी म्हणू. आज शास्त्रज्ञ हा शब्द जपून वापरतात, कारण थांबल्यावर जो जादा ऑक्सिजन लागतो त्यातला काही तापलेल्या अंगामुळे आणि वाढलेल्या ठोक्यांमुळेही लागतो. पण आधी उचल, मग फेड हा ढोबळ हिशेब अजून चालतो.

हेच हिल १९४३ च्या अखेरीला भारतात आले होते. ब्रिटिश सरकारला इथल्या वैज्ञानिक संशोधनाबद्दल सल्ला द्यायला काही महिने राहिले. त्याच काळात आमच्याकडं वेगळंच चाललं होतं. नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे पत्री सरकार, रंगात होतं. कुंडल, येडेमच्छिंद्र ही त्याची गावं तेव्हा सातारा जिल्ह्यातच होती. १९४९ मध्ये तो भाग दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. खाशाबा तेव्हा कराडला शाळेत होते आणि भूमिगतांना लपायला, निरोप पोचवायला मदत करत होते. पैलवानकी आणि पत्री सरकार यांचं नातं जवळचं. कुंडलच्या मैदानात आजही मोठ्या कुस्त्या लागतात. नांगी टाकायची नाही हे जसं तालमीत शिकवतात, तसंच दम कधी खायचा हेही शिकवतात. भूमिगत कार्यकर्त्याला दोन्ही लागतं.

तर आता उसनवारीची फेड. ही एका हप्त्यात होत नाही, आणि अर्ध्या तासाचं मोल इथेच कळतं.

पहिला हप्ता झटपट फिटतो. स्नायूत तातडीच्या वापराचा एक साठा असतो, क्रिएटिन फॉस्फेटचा. झटका देऊन उचलायची ताकद त्यातून येते. तो तीन ते पाच मिनिटांत बराचसा भरतो. नाडीही पहिल्या काही मिनिटांत भराभर उतरते. दुसरा हप्ता लॅक्टेटचा. ते दर पंधरा ते पंचवीस मिनिटांनी निम्म्यावर येतं. म्हणजे सोळा असेल तर अर्ध्या तासानं पाच-सहावर. पूर्ण उतरायला तास तरी हवा. तिसरा, आतल्या उष्णतेचा. ती उतरायलाही पाऊणएक तास घेते. चौथा पाण्या-मिठाचा, त्याला काही तास लागतात. आणि स्नायूत साठवलेल्या साखरेचा शेवटचा हप्ता फेडायला एक अख्खा दिवस आणि पोटभर जेवण लागतं.

अर्ध्या तासात माणूस ताजातवाना होत नाही. पण पहिला हप्ता पुरता फिटतो आणि दुसरा दोन तृतीयांश. पाच मिनिटांत फक्त पहिला. खाशाबा मामेदबेकोवसमोर उभे राहिले तेव्हा त्यांची जिद्द कमी पडली असं म्हणायला जागा नाही. हात उचलायची आज्ञा मेंदू देत असणारच. पण आम्ल आणि धग यांनी भरलेला स्नायू ती आज्ञा निम्म्यानंच पाळतो. जिद्दीनं रक्ताचा पीएच बदलत नाही.

जाता जाता आमच्या वस्तादांविषयी. "बसू नगंस, फिर जरा" हे त्यांचं म्हणणं प्रयोगांत खरं ठरलं आहे. थांबून बसलेल्यापेक्षा हळूहळू चालणाऱ्याचं लॅक्टेट लवकर उतरतं. कारण लॅक्टेट हे विष नाही. पूर्वी तसं समजत, दुसऱ्या दिवशीची अंगदुखीही त्याच्याच माथी मारत. ते खरं तर अर्धवट जळालेलं लाकूड आहे. चालत्या पायांचे स्नायू आणि हृदय ते जाळतात. उरलेलं यकृत परत साखरेत बदलतं. ही यकृताची वाट शोधणाऱ्या कार्ल आणि गर्टी कोरी या जोडप्याला १९४७ चं नोबेल मिळालं. शंभर वर्षांपूर्वीच्या बर्नारच्या यकृतापाशीच पुन्हा आलो की नाही?

वस्तादांची एक गोष्ट मात्र चुकलीच. कुणी पाण्याचा तांब्या पुढे केला की ते तो बाजूला सारायचे. लगेच पाणी पिऊ नये, छातीत भरतं, अशी समजूत. घोटघोट पाणी द्यायला काहीच हरकत नसते. उलट ते लागतंच.

पाण्यावरून आठवलं. मातीतल्या कुस्तीत जोड लावायचे ती नजरेनं. दोघांना शेजारी उभं करायचं, तोलामोलाचे दिसले की हातात हात द्यायचा. मॅटवर वजनकाटा आला. काटा न्यायाचा, यात वाद नाही. पण त्याच्याबरोबर शरीराचं पाणी काढून वजन उतरवायची रीतही आली. ही तर आतल्या हवामानाशी उघड मारामारी. रक्ताचा खारटपणा एक-दोन टक्क्यांनी वाढला तरी मेंदू तहान लावतो आणि मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायला सांगतो. माणूस पाणी सोडायला बघतो, शरीर घट्ट धरून बसतं. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी ५० किलोच्या वर शंभर ग्रॅम भरली आणि बाद झाली. रात्रभर तिची माणसं तिचं वजन उतरवायला झटत होती. आपण सगळे त्या शंभर ग्रॅमवर हळहळलो. मला वाटतं, ते शंभर ग्रॅम म्हणजे शरीरानं दिलेला नकार होता. तो ऐकला नाही तर काय होतं तेही घडून गेलं आहे. १९९७ च्या हिवाळ्यात अमेरिकेत वजन उतरवताना तीन कॉलेजकुमार पैलवान महिन्याभरात मेले. त्यानंतर तिथल्या कॉलेजांच्या कुस्तीचे नियम बदलले.

नियम बदलले, हे महत्त्वाचं. कॅननने १९३२ मध्ये शरीराच्या शहाणपणावर एक पुस्तक लिहिलं. त्याच्या शेवटी तो शरीरावरून समाजाकडे वळतो. तेव्हा अमेरिकेत महामंदी होती, कारखाने बंद, लोक रांगांत उभे. शरीर आपल्या दूरच्या कोपऱ्यातल्या पेशीलाही ऊब आणि साखर पोचवतं, त्यासाठी साठे करून ठेवतं. समाजाला अशी व्यवस्था लावता येणार नाही का, असा त्याचा सूर आहे. शरीराची उपमा समाजाला लावणं धोक्याचं असतं, मलाही ती पुरती पटत नाही. पण एक धागा मला सोडवत नाही. शरीर स्वतःला सावरतं, फुकट सावरतं, न सांगता सावरतं. त्याला एकच गोष्ट स्वतः मिळवता येत नाही, ती म्हणजे वेळ. तो बाहेरच्यांनी द्यायचा असतो. पंचानं, वस्तादानं, नियमानं.

हेलसिंकी लांब राहिलं. आमच्याकडं दिवाळीच्या सुमाराला साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कृष्णाकाठच्या फडात त्या मार्चपर्यंत, कधी त्याच्याही पुढे असतात. फड हाच शब्द कुस्तीचाही आणि उसाचाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. मजुरी टनावर, आणि मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल फेडायची असते. एक दिवस पडलं तर खाडा, त्याचे पैसे कापले जातात. अशा हिशेबात अर्धा तास सावलीत बसायचं कुणी? कापणी ही कुस्तीच आहे, फक्त पंधरा मिनिटांची नाही, दिवसभराची. तोच घाम, तीच धग, तीच कळशी. मध्य अमेरिकेत निकाराग्वा आणि एल साल्वादोरमध्ये ऊस तोडणाऱ्या धडधाकट तरुणांची मूत्रपिंडं निकामी होताना आढळली. रोज तापणं, रोज सुकणं हे त्याचं एक मोठं कारण मानलं जातं. तिथे उपाय म्हणून काय सुरू केलं? पाणी, सावली आणि ठरावीक अंतरानं सक्तीची विश्रांती. याला ना मोठं यंत्र लागतं ना औषध. फक्त कुणीतरी "थांबा" म्हणावं लागतं, आणि तो वेळ मजुरीतून कापला जाऊ नये असा नियम करावा लागतो.

आधी उचल, मग फेड, हे हिलच्या शास्त्रातही आहे आणि मुकादमाच्या वहीतही. फरक एवढाच की शरीराचं कर्ज दुसऱ्या कुणाला माफ करता येत नाही.

खाशाबा परत आले तेव्हा कराडला शंभराहून जास्त बैलगाड्या सजवून लोक त्यांना न्यायला आले होते. त्यांनी पुढे कुस्त्यांचे सामने भरवून पैसे जमवले आणि खर्डेकरांचं गहाण सोडवायला हातभार लावला, असं सांगतात. १९५५ मध्ये ते पोलिसात सब-इन्स्पेक्टर झाले, १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

त्यांच्या पाठीशी घर गहाण ठेवणारे होते, वर्गणी देणारे होते, गाड्या जुंपणारे होते. सगळं गाव होतं. त्या एका क्षणी मॅटच्या कडेला उभं राहून दंडाला धरणारा एक माणूस तेवढा नव्हता. "ह्यो आत्ता लढणार न्हाई. अर्धा तास दम खाऊ द्या त्याला," असं म्हणणारा. आमच्या यात्रेत, पाच रुपयांच्या कुस्तीलाही तो असायचा.